वाकळ पांघरलेला कॉम्प्युटर

आकाराम हवालदारांच्या घरातनं संध्याकाळी सातनंतर जो आवाज यायचा, त्यावरून आमच्या गल्लीत दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा, हवालदारांनी गुपचूप पिठाची गिरणी घातली. दुसरा म्हणायचा, गिरणी कसली, बायको पुण्याला गेल्यापासून भांडायला माणूस नाही, म्हणून मिक्सर लावून बसतात. खरं काय ते समोरच्या बयाबाईला ठाऊक होतं. तिचा ओटा आणि हवालदारांची खिडकी यांच्यात फक्त एक गटार आहे, आणि कान लावायला गटाराची अडचण होत नाही.

आवाज कॉम्प्युटरचा होता. आधी घोंघों. मग दातओठ खाल्ल्यासारखी करकर. मग टीं-टूं, टीं-टूं अशी बारीक बोंब. आणि मग एकदम काहीच नाही. ते काहीच नाही झालं की बयाबाई घड्याळाकडं न बघताच सुनेला सांगायची, "सव्वासात वाजाय आलं बग. कुकर लाव."

हवालदार म्हणजे लढाईतले नव्हेत. बावीस वर्षं पलटणीत क्लार्क होते. त्यांनी बंदूक किती वेळा उचलली हे तेही सांगत नाहीत, पण रजिस्टर कधी खाली ठेवलं नाही. पलटणीतनं सुटून आल्यावर साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात पंधरा वर्षं काढली, तिथंही रजिस्टरच. आता कडेगावातल्या घरी बसून आजी-माजी सैनिकांचे अर्ज भरून देतात, चहा वर पाजतात. नोव्हेंबर आला की त्यांच्या सोप्यात म्हाताऱ्या फौजींची रांग लागते, हयातीच्या दाखल्यासाठी. माणूस समोर बसून चहात बिस्कीट बुडवत असतो, तरी तो जिवंत आहे हे हवालदारांच्या कॉम्प्युटरनं कळवल्याशिवाय सरकारला पटत नाही. अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागला की हवालदार जाहीर करायचे, "हाईस रं तू. जा आता घरी."

स्वतःच्या जिवंतपणाबद्दल मात्र त्यांचं मत गेल्या वर्षभरात डळमळीत झालेलं होतं.

शालूबाई, म्हणजे त्यांची मंडळी, गेल्या दिवाळीनंतर पुण्याला गेल्या. मुलगा विश्वजीत तिकडं नोकरीला, सून राजेश्वरीही नोकरीला, आणि नातू शिवतेज तेव्हा पाच महिन्यांचा. राजेश्वरीची रजा संपली आणि सासूला बोलावणं आलं. "सहा म्हैनं," असं ठरलं होतं. शालूबाईंनी जाताना सहा महिन्यांचं लोणचं घातलं, सहा महिन्यांची चटणी कुटली, आणि नवऱ्याला दाराच्या कड्या कशा लावायच्या ते नव्यानं शिकवलं. लोणचं उन्हाळ्यातच संपलं. त्यानंतरचं काही कुणी ठरवलंच नाही.

रोज सातला व्हिडिओवर बोलणं व्हायचं. मोबाइलवर नव्हे. हवालदारांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचाय. त्यांचं म्हणणं, मोबाइलमध्ये बायको पावशेर दिसते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर अख्खी दिसते, मागची भिंत आणि वाळत घातलेली दुपटी यांच्यासकट. सातला पाच कमी असताना हवालदार तोंड धुऊन, केस विंचरून, धुतला सदरा घालून खुर्चीवर बसायचे. बयाबाई म्हणायची, लग्नात बी एवढं नटलं नव्हतं.

आणि हेच यंत्र दसऱ्यापासून बिघडलेलं.

आता ते कशानं बिघडलं, त्याचा गुन्हा कुणावर लावायचा हे अवघड आहे. खंडेनवमीला या घरात हत्यारं पुजतात. खुरपं, विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, आणि कॉम्प्युटर आल्यापासून तोही. शालूबाई हौसेनं पुजायच्या. यंदा त्या पडद्यात होत्या. तिथनं हुकूम सोडत होत्या आणि हवालदार पाळत होते.

"आवं, कुक्कू लावा की त्येला."

"कुटं?"

"कपाळाला."

डब्याला कपाळ कुठलं! हवालदारांनी बटणाच्या वर बोट टेकवलं.

"आता फुलं वाहा. नुसती वर ठिवू नका, पडत्यात. भोकं हायत बगा बाजूला, त्यात देठ खोचायचं."

शालूबाई दरवर्षी दोन-चार फुलं खोचायच्या. पण हुकूम 'भोकं हायत' असा आला होता, आणि फौजेतला माणूस हुकमातलं निम्मं सोडत नाही. हवालदारांनी बाजूची सगळी जाळी झेंडूनं भरली, मागचीही भरली. हळदीची चिमूट टाकली, ती आतल्या पंख्यानं ओढून घेतली. त्यांना वाटलं, यंत्रानं प्रसाद स्वीकारला. कापसाचं वस्त्र स्वतः वळून घातलं. धूप जाळला. शालूबाईंनी तिकडनं हात जोडले, यांनी इकडनं जोडले. झेंडू सुकला तशी बाहेरची फुलं झडली. आत गेली ती गेली.

वर आणि ती वाकळ. शालूबाईंनी जुन्या लुगड्यांची एक छोटी वाकळ खास कॉम्प्युटरच्या डब्यासाठी शिवली होती, धूळ बसू नये म्हणून. फोनवर पहिला प्रश्न 'जेवला का' नसायचाच. "झाकलंय न्हवं त्येला?" हवालदार म्हणायचे, "झाकलंय." आणि खोटं बोलायला नको म्हणून फोन लावायच्या आधीच ते चालू यंत्रावर वाकळ पांघरायचे.

यंत्र बोंबलायला लागल्यावर हवालदारांनी क्लार्कानं करावं ते केलं. नोंद ठेवली. रजिस्टरात लाल शाईनं रेघा ओढून तारीखवार लिहिलं: 'सायं. ७.०० सुरू. ७.०६ पंखा मोठ्याने. ७.१० इशारा. ७.१३ बंद.' उपायही नंबर घालून केले. प्लग बदलला. टेबल भिंतीपासून हातभर ओढलं. दुसऱ्या खोलीतला पंखा आणून डब्यासमोर ठेवला. तो बिचारा रात्रभर वाकळीलाच वारा घालत बसायचा. बयाबाईनं ओट्यावरनं सल्ला दिला, "ताप असंल तर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठिवा, हवालदार." ते उठून टॉवेल भिजवायला निघालेही होते. मोरीपर्यंत जाऊन परत आले. तेवढी अक्कल शाबूत होती.

पण यंत्र दुरुस्तीला न्यायची मात्र त्यांना घाई नव्हती. का नव्हती, ते सांगायला हवं.

दसऱ्यानंतर आठेक दिवसांनी विश्वजीत पडद्यात आला. "आबा, एक विचारायचं होतं. शिवतेज अजून लहान आहे. आई आणखी एखादं वर्ष राहिली तर तुमची काय..."

टीं-टूं, टीं-टूं. बंद.

त्या दिवशी ते आपोआप घडलं. दोन दिवसांनी विश्वजीतनं परत विषय काढला, तेव्हा सात दहाचा इशारा झाला होता, आणि हवालदारांनी, बयाबाईच्या शब्दांत, 'पोलिसाची शिट्टी लांब गेल्यावर चोर सोडतोय तसा' श्वास सोडला. तिसऱ्या वेळी तर त्यांनी घड्याळावर डोळा ठेवून सोयाबीनच्या भावाचं दळण दळलं ते थेट सात तेरापर्यंत. नको म्हणवत नव्हतं, नातवाचा प्रश्न. हो म्हणवत नव्हतं. आणि बायको हवी असं या वयात, लेकासमोर, सुनेसमोर बोलायचं? आमच्या भागात माणूस बायकोला नावानं हाक मारत नाही, तिथं ही भाषा कुठली यायला! गड्यांत बसून हवालदार बेधडक थापा मारतील, पण एवढं एक खरं बोलायचं म्हणजे घाम.

गुरुवारी मात्र विश्वजीतनं फोन लागल्या लागल्या सांगितलं. "आबा, पाळणाघरात एक जागा धरून ठेवलीय. सोमवारी त्या बाईंना कळवायचंय. आई राहणार असेल तर ती जागा सोडतो. तुम्ही हो म्हणालात की झालं."

हवालदारांनी घड्याळाकडं बघितलं. सात तीन झाले होते. इशाऱ्याला अजून सात मिनिटं.

तेव्हा शालूबाईच बोलल्या. शिवतेजला भरवत होत्या, मान वाटीत. "त्येंची काय हरकत न्हाई रं. असती तर बोललं असतं येवढ्या दिसात."

"मग रविवारी एकदा नक्की सांगा, आबा."

यांनी घसा खाकरला. तेवढ्यात शिवतेजनं वाटी उडवली, तिकडं धावपळ झाली, आणि मग करकर, टीं-टूं, अंधार. काळ्या पडद्यात हवालदारांना स्वतःचं तोंड दिसलं, विंचरलेल्या केसांसकट. ते तिथनं उठले नाहीत. बयाबाईनं त्या रात्री दोनदा हाक मारली, "जेवला का वं?" उत्तर आलं नाही, तेव्हा तिनं झाकून भाकरी-आमटी पाठवली आणि पहिल्यांदाच गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी हवालदारांनी डबा सोडवला, वाकळीत गुंडाळला आणि दोन्ही हातांवर घेऊन स्टँडकडं निघाले. अर्धी गल्ली ओट्यावर.

"नातू आला व्हय, हवालदार?" बयाबाईनं विचारलंच. "कुंची घाला की, गार वारं हाय."

"पोटात दुखतंय त्येच्या," हवालदार म्हणाले. "सांगलीला दावून आणतो."

एसटीत खिडकीची जागा मिळाली. डबा मांडीवर. शेजारच्या बाईनं वाकळीचं टोक उचलून आत डोकावलं आणि पुढचा सगळा रस्ता ती बाहेरच बघत राहिली.

सांगलीत धन्यकुमार मगदूमांचं दुकान. हा कॉम्प्युटर त्यांनीच दहा वर्षांपूर्वी जोडून दिला होता. धन्यकुमार घरचे जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्यामुळं दुपारी चारनंतर आलेल्या गिऱ्हाइकाला ते 'उद्या' म्हणतात. हवालदार अकरालाच पोचले होते.

धन्यकुमारनं बाजूचा पत्रा काढला आणि दुकानात झेंडूचा वास सुटला.

"हवालदारसाहेब," ते आत बघत म्हणाले, "ह्यात कॉम्प्युटर कुटं ठिवलाय?"

आत पाकळ्यांची गादी. पंख्याच्या पात्यांना हळद आणि तेलकट धुळीचा लेप. प्रोसेसरवर जो धातूचा कंगवा बसवलेला असतो, उष्णता ओढून घ्यायला, त्याच्या दातांत कापूस, कुंकू आणि धुपाची राख असं ठासून बसलेलं. धन्यकुमारनं ब्लोअर उचलला आणि परत खाली ठेवला. कोपऱ्यात एक कोळी होता. त्यांनी त्याला ब्रशनं कागदावर घेतलं, खिडकीत नेऊन सोडलं, आणि मगच ब्लोअर लावला.

"हितनं गार वारा आत येतोय," ते जाळीवर बोट ठेवून सांगायला लागले, "आन मागनं गरम बाहीर जातोय. तुमी दोनी तोंडं बांधली. पंखा जीव खाऊन फिरायचा, म्हणून घोंघों. बेअरिंग झिजलं, म्हणून करकर. ती टीं-टूं म्हंजे मला सोसंना झालंय, बंद करा. तरीबी न्हाई केलं तर आपलं आपण बंद पडतंय. जळून जाण्यापरीस बरं."

हवालदारांनी रजिस्टर पुढं केलं. धन्यकुमारनं ते वाचलं आणि चष्मा वर केला. "सकाळी चार तास चालतंय, आन संध्याकाळी तेरा मिन्टं? यंत्र तेच, फुलं तीच. संध्याकाळी काय येगळं करताय?"

"सकाळी कामाला वाकळ काढल्याली असती."

"आन संध्याकाळी चालू असताना पांघरताय?"

"ती इचारती," हवालदार म्हणाले. "झाकलंय का म्हणून."

धन्यकुमार हसणार होते. समोरच्या माणसाचं तोंड बघून नाही हसले. "आता झाकायचं न्हाई," एवढंच म्हणाले. "बंद करून गार झाल्यावर काय ती वाकळ. वैनींनी इचारलं तर माजं नाव सांगा."

"तुमचं नाव कशाला?" हवालदार म्हणाले. "मीच सांगतो."

धन्यकुमारनं कंगवा उचकटून साफ केला, त्याखालची उष्णता नेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती ती खरवडून नवी लावली, पंखा बदलला, आणि दोन तास यंत्र चालवत ठेवून वर हात टेकवून बघायला लावलं. गार नव्हतं, पण ताप उतरलेला होता. आतनं निघालेला ऐवज त्यांनी कचऱ्यात टाकला नाही, पुजेचा म्हणून कागदात बांधून दिला. हवालदारांनी पुडी उघडली. त्यात त्यांनी यंदा वळलेलं वस्त्र होतं, सशाच्या शेपटीसारखं फुगलेलं, आणि त्याच्याखाली मागच्या कुठल्यातरी वर्षाचं एक, धुळीनं काळं पण एकसारखं, बारीक, दर बोटावर कुंकवाचा नेमका चिमटा. तो हात त्यांच्या ओळखीचा होता. कृष्णेच्या घाटावर जाऊन त्यांनी बाकीचं सगळं निर्माल्याच्या कुंडात टाकलं. ते एक वस्त्र रजिस्टरात ठेवलं, नोंद न करता.

रविवारी सातला यंत्र सुरू झालं आणि गल्लीला वाटलं, हवालदार घरात नाहीत. आवाजच नाही. बयाबाई सांगते, त्या दिवशी तिला पहिल्यांदा पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू आला; पडदा तर खिडकीतनं दिसायचाच. आणि पुढचं सगळं आपल्याला कळतंय ते त्यामुळंच.

"झाकलंय न्हवं?" शालूबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"आवं, का?"

"झाकलं की त्येचा जीव गुदमरतोय."

"मांजर बसंल वर."

"बसू दे."

लग्नाच्या अडतीस वर्षांत 'बसू दे' असलं उत्तर शालूबाईंना बहुधा पहिल्यांदाच मिळालं असावं. मग विश्वजीत आला, राजेश्वरी आली, शिवतेजनं दोन नवे दात दाखवले. सात दहा झाले. सगळे सवयीनं इशाऱ्याची वाट बघायला लागले. काही वाजलं नाही. सात तेरा. सात चौदा. विश्वजीतनं घड्याळाकडं बघितलं. "सुधारला वाटतं कॉम्प्युटर. बरं आबा, मग उद्या पाळणाघराला नको म्हणून कळवू ना? तुमची हरकत नाही ना?"

हवालदारांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. इकडं ओट्यावर बयाबाईनं हातातला लसूण खाली ठेवला.

"हरकत हाय," हवालदार म्हणाले.

"का? काय झालं? तब्येत..."

"तब्येत ठीक हाय." हजार अर्ज भरलेल्या माणसाला पुढचा रकाना सापडेना. "मला करमत न्हाई, विश्वजीत. तुज्या आईबिगर मला करमत न्हाई. सकाळी माणसं येत्यात, सह्या हुत्यात, बरं जातंय. दुपारी भांडं पडलं तरी मीच पाडल्यालं असतंय. नातवाचं बी मला कळतंय रं. पर इचारलंस म्हणून सांगतो."

राजेश्वरी पडद्यातनं हळूच बाजूला झाली. शहाणी पोरगी. शालूबाई तिथंच होत्या, पदर हातात.

"मी बावीस वर्सं त्या घरात काढली," त्या म्हणाल्या. आवाज भांडायचा होता, पण भांडण लागत नव्हतं. "तुमी झाशीला, जम्मूला. वरसातनं दोन म्हैनं घरी. सासूचं केलं, सासऱ्याचं केलं, हे पोरगं वाडवलं. कवा तोंडातनं शबुद काढला का, की मला करमत न्हाई म्हणून?"

"न्हाई काढलास."

"मग?"

"काढाय पायजे हुतास," हवालदार म्हणाले. "मी रजा टाकली असती गं."

शालूबाई उठल्या. पडद्यात रिकामी खुर्ची राहिली, तिच्या पाठीवर एक दुपटं. विश्वजीत त्या खुर्चीकडं बघत होता, जणू ती काही सांगेल. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ सुटलेला होता. हवालदार त्या खुर्चीसमोर सावधानमध्ये बसल्यासारखे बसून राहिले. मध्ये एकदा त्यांनी यंत्राच्या डोक्यावर हात ठेवून बघितला.

"पाळणाघराच्या बाईंना मी हो म्हणून सांगतो," विश्वजीत शेवटी म्हणाला. "दोन-तीन आठवडे शिवतेजला सवय लागेपर्यंत आई इथं राहील. मग पुढं... आबा, तुम्ही आधी बोलायचं होतं."

"व्हय," हवालदार म्हणाले. "ते खरं हाय."

शालूबाई परत येऊन बसल्या. तोंड धुतलेलं, पदर डोक्यावर सारखा केलेला. नवऱ्याकडं बघितलं नाही. पलीकडं खिडकीबाहेर काहीतरी बघत बोलल्या, "रविवारची गाडी हितनं धरली तर कडेगावात कवा पोचती?"

"साडेचारला," हवालदार तत्काळ म्हणाले. "उसाच्या गाड्या रस्त्यावर आल्यापासनं पाच वाजत्यात. गेल्या रविवारी सव्वापाच. आज बी पाच वाजून दहा मिन्टं झाली हुती, आन पुढनं चवथ्या खिडकीची काच फुटल्याली हाय, तितं बसू नको."

शालूबाईंनी आता मात्र नवऱ्याकडं बघितलं. अगदी नीट.

"आन तुमाला हे कसं ठावं?"